बाईंची वही आणि सुरगाण्यातले तीन दिवस

या प्रवासाची सुरुवात खरं म्हणजे दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यात झाली, डिसेंबरच्या शेवटी. मी नाशकात राहते, माहेर दिंडोरी तालुक्यातलं, दादा द्राक्षं करतो आणि घडांना पेपर लावायचं, म्हणजे घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचं काम निघालं की मी दोन-चार दिवस तरी जातेच. सुरगाण्याकडची टोळी आलेली असते. सुरगाणा, पेठ तालुक्यातली माणसं छाटणीपासून येतात, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, पेपर, शेवटी खुडा म्हणजे काढणी असं करत करत पार मार्च-एप्रिल होतो, आणि घरी बघायला कोणी नसलं की पोरंही बरोबर येतात. लहानपणापासून हे बघत आले म्हणून मला त्यात कधी काही वेगळं वाटलंच नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

त्या दिवशी रद्दीच्या गठ्ठ्यावर एक पोरगी बसलेली. आठेक वर्षांची असेल. बाभळीला झोळी, झोळीत तिचा भाऊ, पायाच्या अंगठ्यात झोळीची दोरी अडकवून ती झोके देतेय आणि मांडीवर वर्तमानपत्राचा कागद धरून बोट फिरवत मोठ्याने वाचतेय. बाजारभावाचं पान होतं. कांदा, टोमॅटो, आवक, सरासरी, एकेक शब्द स्वच्छ. मधेच थांबून मला विचारलं, आत्या, आवक म्हणजे काय? मी सांगितलं आणि विचारलं, कोणी शिकवलं गं वाचायला? म्हणाली, आमच्या बाईंनी, रोज रात्री फोनवर वाचून घेतात.

दादाला विचारलं तर तो म्हणाला, हो, करतात त्या मॅडम फोन, सातनंतर. आणि औषधाचा पंप बघायला निघून गेला.

मला काही चैन पडेना. त्याच्या मोबाईलमधून नंबर घेतला आणि त्या बाईंना फोन केला की मला तुमची शाळा बघायची आहे. त्या म्हणाल्या, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आहे, आदल्या दिवशीच या ताई, मुक्कामाला. आणि येताना गोष्टींची पुस्तकं आणा, चित्र मोठं असलेली आणि वाक्य छोटं असलेली, जाडजूड बोधकथा नकोत.

दिवस पहिला, २ जानेवारी, गुरुवार

जुन्या सीबीएसवरून सुरगाण्याची एसटी. दोन पिशव्या पुस्तकं, एक स्वेटर, एक शाल. २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त, कोणी वणीला देवीला निघालेल्या, कोणी माहेरी. नाशिक ते सुरगाणा अंतर नव्वदेक किलोमीटर असेल पण गाडी जागोजागी थांबत जाते, घाई असणाऱ्याने बसू नये.

दिंडोरी मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूला द्राक्षाचे मांडव. वणीनंतर उजवीकडे सातमाळ्याची रांग, सप्तशृंगीचा डोंगर, अहिवंत, आणि मग हळूहळू मांडव विरळ होत होत संपतात आणि साग, मोह, पळस सुरू होतात. मी या रस्त्याने सापुताऱ्याला कितीतरी वेळा गेलेय, गाणी लावून, चिप्स खात. यावेळी खिडकीतून बघताना डोक्यात एकच की आमच्या मळ्यातली माणसं याच रस्त्याने येतात, जीपमध्ये गच्च भरून, मांडीवर पातेली आणि कोंबड्या घेऊन. बोरगावला स्ट्रॉबेरीचे स्टॉल लागलेले. एक पेटी घेतली पोरांसाठी. इथून सरळ गेलं की हातगड आणि सापुतारा, आमची गाडी डावीकडे सुरगाण्याला वळली.

सुरगाण्यातून जीप, गुजरातच्या हद्दीकडे. पाड्याचं नाव लिहीत नाही, बाईंनीच नको म्हणून सांगितलं, उगाच लोक गाड्या घेऊन यायला लागतात म्हणाल्या. शेवटचे दोन-अडीच किलोमीटर चालत. वाटेत शिवेवर वाघदेव दिसला, लाकडी खांब, त्यावर कोरलेले चंद्र, सूर्य, नाग आणि वाघ. माझी एक पिशवी घ्यायला पुढे आलेला पोरगा तिथे क्षणभर थांबला, हात जोडले, आणि पुन्हा चालायला लागला.

शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, एक हापसा आणि पेरूचं झाड. पहिली ते चौथी. पट ३१. शिक्षकांच्या जागा दोन, त्यातली एक रिकामीच आहे म्हणून चारही वर्ग एकट्या बाईंकडे. बाई चाळिशीच्या आत-बाहेर, बागलाणातल्या, बोलण्यात अजून अहिराणीचा हेल. नवरा आणि मुलगा सटाण्याला. शनिवारी दुपारी शाळा सुटली की त्या घरी जातात, सोमवारी पहाटे परत, बाकी सगळे दिवस इथेच एका भाड्याच्या खोलीत. कुडाच्या भिंती, वर कौलं, एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्यात पुस्तकांचं कपाट. रात्री शेजारच्या मावशींनी नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं आणून दिलं, वर मिरचीचा ठेचा. मी तीन भाकरी खाल्ल्या. घरी दोन जड जातात.

जेवताना मी विचारलं की पहिलीत येणाऱ्या पोरांना तुम्ही वाचायला शिकवता कसं. मला वाटलं काहीतरी पद्धत, ट्रेनिंग वगैरे सांगतील. त्यांनी एक शब्द सांगितला. माना.

इथली पोरं घरी कोकणी बोलतात, म्हणजे आदिवासी कोकणा समाजाची बोली, समुद्राकडच्या कोकणीशी तिचा संबंध नाही. त्यात मी म्हणजे 'मा' आणि माझं म्हणजे 'माना'. मुलगा म्हणजे 'पोसा'. आई 'आयीस', वडील 'बाहास'. आता सहा वर्षांचं पोर शाळेत येतं, पुस्तकात असतं माझे बाबा, माझी आई, आणि ते म्हणतं माना बाहास. समोरच्या मास्तरला ऐकू येतं माना, म्हणजे मान या शब्दाचं अनेकवचन. तो म्हणतो चूक. पोर गप्प बसतं. आणि बाई म्हणाल्या ताई, एकदा गप्प बसलेलं पोर बोलतं करायला दोन वर्षं जातात हो.

त्यांना हे कळलं कारण त्यांच्या घरी 'मना' म्हणतात. अहिराणीत माझं म्हणजे मना, तुझं म्हणजे तुना. डीएडला शहरात आल्या तेव्हा पहिल्याच तासाला उभं राहून बोलताना तोंडातून 'मना' गेलं, सगळा वर्ग हसला, आणि त्यानंतर सबंध वर्षभर त्यांनी वर्गात तोंड उघडलं नाही. पुढे इथे नेमणूक झाली, पहिल्याच दिवशी एक पोरगा स्वतःच्या दप्तरावर हात ठेवून म्हणाला माना, आणि बाई सांगत होत्या की मला रडूच आलं, म्हटलं अरे हा तर आपल्यातलाच शब्द आहे.

पहिलं वर्ष त्यांनी स्वतःच शिकण्यात घालवलं. संध्याकाळी म्हाताऱ्यांजवळ शेकोटीला बसायचं आणि शब्द लिहून घ्यायचे.

रात्री थंडी अशी की शाल, स्वेटर आणि वर गोधडी घेऊनही पाय गरम होईनात.

दिवस दुसरा, ३ जानेवारी, शुक्रवार

परिपाठ ओट्यावर, उन्हात. हजर १७. बाकीची १४ पोरं मळ्यांवर, दिंडोरी, निफाडकडे. बाई हजेरी घेताना त्या १४ जणांचीही नावं घेतात. नाव घेतलं की बसलेल्यांपैकी कोणीतरी ओरडतं, "मळ्यात!" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. एकही नाव गाळलं जात नाही, पोरं गावात नसली तरी वर्गात त्यांचं नाव रोज उच्चारलं जातं.

वर्गाची एक अख्खी भिंत शब्दांची आहे. जुन्या कॅलेंडरच्या पानांची कोरी बाजू, त्यावर डावीकडे कोकणी शब्द, उजवीकडे पुस्तकातला मराठी, मधे पोरांनीच काढलेलं चित्र. पहिलीची पोरं आधी डावीकडचं वाचतात, कारण ते त्यांच्या तोंडात आधीपासून आहे, फक्त अक्षर नवीन असतं. उजवीकडे जायची घाई नाही. एका पानावर पावरी वाजवणारा माणूस काढलेला, मार्गशीर्षातल्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाचं चित्र. त्या दिवसात पोरं शाळेत येत नाहीत, रात्रभर तिकडेच असतात, तर बाईंनी काय केलं, दुसऱ्या दिवशी प्रत्येकाकडून काय पाहिलं ते लिहून घेतलं. चौथीच्या एका पोराने पाठपोट दोन पानं लिहिलीत. मी वाचली. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आणि वाचताना ढोल ऐकू येतो.

गणित चिंचोक्यांवर आणि द्राक्षांवर. एका वेलीवर इतके घड, एका घडाचे इतके मणी काढून टाकले, उरले किती. ज्या पोरांनी स्वतः विरळणी बघितलीय त्यांना वजाबाकी शिकवावी लागत नाही, ती हातातच असते, बाई फक्त पाटीवर उतरवायला शिकवतात. दोन खोल्यांच्या मधलं दार उघडं ठेवून उंबऱ्यात उभ्या राहतात, एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी, आणि तिसरीची पोरं पहिलीच्या पोरांना वाचून दाखवतात. मी तासभर बघत होते, एकदाही आवाज चढला नाही. अशा शाळांबद्दल बोलताना लोक पटकन त्र्यंबक तालुक्यातल्या हिवाळी गावच्या शाळेचं नाव घेतात, जिथली पोरं दोन्ही हातांनी लिहितात आणि शाळा वर्षभर चालते, तेही कौतुकाचंच काम आहे, पण इथे डोळे दिपवणारं असं काही नाही. इथे फक्त सतरा पोरं आहेत आणि सतराही बोलतात.

दुपारी जयंती. गावात उरलेल्या आया आणि आज्या आल्या, वीसेक बायका. भाषण नाही. बाईंनी सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला, १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली एवढं सांगितलं, आणि मग प्रत्येक पोराने आपल्या आईला किंवा आजीला ओट्यावर आणून तिच्या हातात खडू दिला. फरशीवर नाव लिहायचं. पोराने हात धरायचा. एक आजी, सत्तरीच्या पुढची, हात इतका थरथरत होता की दोनदा खडू तुटला. नातू दुसरीतला. तो तिच्यामागे गुडघ्यावर बसला, तिच्या काखेखालून हात घालून तिची मूठ धरली आणि हळूहळू एकेक अक्षर काढलं. झाल्यावर आजीने ते पुसू दिलं नाही. संध्याकाळी झाडताना पोरांनी तेवढी फरशी सोडून झाडली.

या आज्यांपैकी दोघी २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात चालत गेल्या होत्या, १८० किलोमीटर. वनहक्काच्या जमिनीसाठी. मी तेव्हा नाशकात होते आणि टीव्हीवर त्यांचे सोललेले तळवे बघितले होते. त्यातलीच एक माझ्यासमोर बसून स्ट्रॉबेरी खात होती.

आता संध्याकाळचं.

पाड्यात रेंज नाही. मागच्या टेकडीवर एक आंबा आहे, त्याच्याखाली येते. पावणेसातला बाई निघाल्या, हातात टॉर्च, काखेत वही. मीही मागोमाग. वीस मिनिटांची चढण, गवत वाळून पिवळं झालेलं, पाय सटकत होते. वर गेल्यावर दक्षिणेकडे लांब कुठेतरी गावांचे दिवे. बाई दगडावर बसल्या, वही मांडीवर, फोन स्पीकरवर.

१४ मुलं, नऊ मळे. एकेक फोन. पलीकडून कधी मालक, कधी मालकीण, मग पोराचा आवाज, मागे ब्लोअरची घरघर नाहीतर कुत्रं. पोरगं पान वाचतं, बाई ऐकतात, अडलं तर थांबतात, सांगत नाहीत, थांबतात फक्त. पाच-सात मिनिटं, मग पुढचा. एक पहिलीतला पोरगा वाचायलाच तयार नव्हता. बाईंनी त्याच्याशी कोकणीत बोलायला सुरुवात केली, काय खाल्लं, थंडी आहे का, आयीस कुठे गेली, आणि तो जो बोलत सुटला की बास, शेवटी स्वतःच म्हणाला आता वाचू का. एका मुलीचा फोन तीनदा लावला, बंद. तिचं कुटुंब दुसऱ्या मळ्यावर गेलंय, कुठे ते गावात कोणाला माहीत नाही. वहीत तिची ओळ आठ दिवस कोरी. बाई त्या ओळीवर टॉर्च धरून नुसत्या बसून राहिल्या.

मी विचारलं हे सुचलं कसं. म्हणाल्या, डीएडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल वाचलं होतं, कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा गुरांमागे कुरणात गेली. माझी पोरं द्राक्षात जातात. मी एकटी नऊ ठिकाणी कशी जाणार, म्हणून फोन.

मग मी वही मागितली. रकाने आखलेले, नाव, इयत्ता, मळा, मालकाचा नंबर, कधी उचलतात, काय वाचलं. पानं उलटत मागच्या हंगामात गेले आणि दादाचा नंबर दिसला. समोर बाईंच्या बारीक अक्षरात:

उचलला नाही.
उचलला नाही.
पोरं कामात आहेत, रोज रोज फोन करू नका म्हणाले.
रविवारी जाऊन आले.
घेतात. ७ नंतर.

मी तो नंबर दोनदा वाचला. मागच्या हंगामात मीही गेले होते मळ्यावर, चार दिवस. ती पोरगी तेव्हाही असणार तिथे, दुसरीत, तीच झोळी, तोच भाऊ, अजून लहान. मला तिचा चेहरा आठवेना. तिचं नावही मी यावर्षी विचारलं, तेही ती वाचत होती म्हणून. मला तिथे टेकडीवर इतकं वाईट वाटलं की काय बोलावं सुचेना, आणि बाईच म्हणाल्या, तुमचा दादा वाईट माणूस नाही हो ताई, अनोळखी बाईचा रोज फोन आला तर कोणीही वैतागेल. मी गेले, तिला समोर बसवून एक पान वाचून घेतलं, त्यांनी ऐकलं, मला चहा दिला, दुसऱ्या दिवसापासून फोन उचलायला लागले.

बागलाणातली बाई, सुट्टीच्या दिवशी दोन एसट्या बदलून आमच्या मळ्यात आली आणि चहा पिऊन गेली, आणि दादाला ते घरात सांगावंसंही वाटलं नाही.

दिवस तिसरा, ४ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा. आणलेली पुस्तकं पोरांनी फरशीवर मांडली आणि कोणती पहिलीची, कोणती चौथीची ते स्वतःच ठरवलं. तीन पुस्तकं सरळ बाजूला काढली, म्हणाले यात चित्र खोटं आहे. एका चित्रात बैलाला नांगर उलटा जुंपलेला होता, मी विकत घेताना बघितलंही नव्हतं.

निघायच्या आधी बाईंनी कपाटातून एक कार्ड काढून दाखवलं, शिक्षण हमी पत्रक. स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळेने हे द्यायचं असतं, पोर कुठल्या इयत्तेत, काय येतं, काय नाही ते त्यावर असतं, आणि ते दाखवलं की ज्या गावात पोर जातं तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचं. बाई छाटणीच्या आधीच सगळ्या बापांच्या हातात देतात. माझ्याकडे बघत म्हणाल्या, तुमच्या मळ्यापासून शाळा किती लांब आहे ताई? मी म्हटलं दीड किलोमीटर. तिचं कार्ड ऑक्टोबरपासून तिच्या बाहासच्या पिशवीत असेल बघा, त्या म्हणाल्या.

पटाची त्यांना खरी धास्ती आहे. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची गोष्ट निघाली होती, तेव्हापासून प्रत्येक नाव त्या जिवापाड धरून ठेवतात. पहिलीतलं पोर ओढे ओलांडून लांबच्या शाळेत जाणार कसं, आणि इथल्या पावसात तर विचारूच नका.

बोरगावपर्यंत बरोबर आलो. तिथून त्या कळवणच्या गाडीत बसल्या, खिडकीतून एक वही दिली, त्या पोरीला द्या म्हणाल्या, आणि लगेच फोनवर कोणालातरी त्या हरवलेल्या मुलीच्या बापाचं वर्णन सांगायला लागल्या.

मी दिंडोरीला उतरले. मळ्यावर पोचेपर्यंत पाच वाजलेले. पोरीच्या बापाला विचारलं तर त्याने शेडमधून प्लॅस्टिकची पिशवी आणली, त्यात आधार कार्ड, रेशन कार्ड आणि चार घड्या घातलेलं ते पत्रक. इथे कोणी मागितलंच नाही म्हणाला. दादा बाजूला उभा होता. मी त्याला वहीतल्या त्या पाच ओळी सांगितल्या, जशाच्या तशा. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, झोळीतल्या पोराला आई बघेल घरी, सोमवारी तू थांबतेस का, शाळेत जाऊन येऊ. मी रजा टाकली.

पोरीने नवीन वही उघडली. पहिल्या पानावर बाईंनी काहीतरी लिहिलं होतं, तिने मला बघू दिलं नाही. पेरूला पेरू आलेत का एवढंच विचारलं. मी म्हटलं, आलेत, कच्चे आहेत अजून.

सात वाजून पाच मिनिटांनी दादाचा फोन वाजला. त्याने न बघताच तिच्याकडे दिला. ती फोन घेऊन मांडवाच्या कडेला जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "बाई, मा सोमवारी शाळेत जाणार."